अमेरिकेत कॉलेजचं मॅथ्स: प्लेसमेंट टेस्ट, प्रीरिक्विझिट आणि डिग्रीला किती गणित लागतं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जून आला की हेच प्रश्न सुरू होतात. काही इथेच वाढलेल्या मुलांच्या आईबाबांचे, काही पुण्या-नाशिकहून बारावी करून थेट इथे बॅचलर्सला येणाऱ्या पोरांचे, आणि हल्ली एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वनवर डिपेंडंट म्हणून आलेल्या आणि परत शिकायचं मनावर घेतलेल्या बऱ्याच जणींचे पण. मी इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या मॅथ्स ट्युटरिंग सेंटरमध्ये काम करते, रोज हाच गोंधळ समोर येऊन बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कट-ऑफचे आकडे मात्र माझ्याकडून घेऊ नका, ते प्रत्येक कॉलेजचे वेगळे असतात आणि बदलत राहतात, कॅटलॉग उघडून बघा. गाडी अडते कुठे ते मात्र सगळीकडे जवळपास सारखंच आहे.

ॲडमिशन तर झाली, मग आता परत ही मॅथ्स प्लेसमेंट टेस्ट कशाला?

ही एन्ट्रन्स नाही. हिच्यात पास-नापास नसतं आणि हिच्यामुळे कोणाची ॲडमिशन जात नाही. तुम्हाला पहिल्या सेमिस्टरला कुठल्या मॅथ्स कोर्सला बसवायचं एवढंच ती ठरवते. इथे आपल्यासारखं 'फर्स्ट इयरला सगळ्यांना एम-वन' असं नसतं, एकाच वर्गातला एक जण कॉलेज अल्जिब्राला बसतो, दुसरा प्रीकॅल्क्युलसला, तिसरा कॅल्क वनला (कॅल्क्युलसचा पहिला कोर्स) आणि एखादा एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेज पातळीचा कोर्स आणि त्याची परीक्षा) करून आलेला थेट कॅल्क थ्रीला. त्यापुढे लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, डिस्क्रीट मॅथ्स वगैरे.

सगळ्यांनाच टेस्ट द्यावी लागते असंही नाही. एसएटी किंवा एसीटी या ॲडमिशनच्या परीक्षांचा मॅथ्स स्कोर चांगला असेल, एपी असेल, तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते. काही राज्यांत हायस्कूलच्या जीपीएवरच, म्हणजे ग्रेडच्या सरासरीवरच, काम होतं, त्याचं खाली लिहिलंय.

टेस्ट कुठली असते?

चार वर्षांच्या युनिव्हर्सिट्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी ॲलेक्स, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये ॲक्युप्लेसर. टेक्ससमधल्या पब्लिक कॉलेजेसची स्वतःची टीएसआय असते. काही डिपार्टमेंट घरचीच टेस्ट घेतात. कोणी दहा-बारा वर्षांपूर्वी शिकून गेलेला दादा 'कंपास दे' म्हणत असेल तर त्याला सांगा ती २०१६ मध्येच बंद झाली.

ॲक्युप्लेसर कॉलेज बोर्डाची, म्हणजे एसएटीवाल्यांचीच. एकेका मॅथ्स टेस्टला २० प्रश्न, पर्याय दिलेले, वेळेचं बंधन नाही, स्कोर २०० ते ३०० मध्ये. वेळेचं बंधन नाही हे लोक विसरतात आणि पाऊण तासात उरकून बाहेर येतात, ते करू नका.

ॲलेक्समध्ये नक्की काय विचारतात?

जास्तीत जास्त ३० प्रश्न, आणि पुढचा प्रश्न तुमच्या आधीच्या उत्तरावरून ठरतो, त्यामुळे शेजारच्याला आलेले प्रश्न विचारून काही उपयोग नाही. बरेचसे प्रश्न पर्यायवाले नसतात, उत्तर स्वतः टाईप करायचं. कॅल्क्युलेटर स्वतःचा चालत नाही, ज्या प्रश्नाला लागतो तिथे स्क्रीनवर आपोआप उघडतो. स्कोर ० ते १०० मध्ये. साधारण दीड-दोन तास धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या बारावीवाल्या मुलांना पटतच नाही: यात कॅल्क्युलस नसतंच. अपूर्णांकांपासून सुरू होऊन प्रीकॅल्क्युलसपर्यंतच असतं, म्हणजे फॅक्टरायझेशन, रॅशनल एक्स्प्रेशन्स, फंक्शन्स, लॉग, एक्स्पोनेन्शियल, ट्रिग. तुम्हाला इंटिग्रेशन बाय पार्ट्स झोपेत येत असेल, त्याचे इथे शून्य मार्क. आणि दहावीनंतर हाताने फॅक्टर पाडलेच नसतील तर तिथेच स्कोर जातो. बारावीला ९५ पडलेल्या मुलाला प्रीकॅल्क लागलेला मी बघितलाय आणि त्यात टेस्टची काही चूक नव्हती, तयारी भलत्याच धड्यांची केली होती.

'आय डोन्ट नो' असं एक बटण असतं. खरंच येत नसेल तर ते दाबा. ठोकून दिलेलं उत्तर चुकून बरोबर आलं तर पुढचे प्रश्न अवघड येत जातात आणि शेवटी स्कोर जो लागतो तो ना तुमचा असतो ना कामाचा.

परत देता येते का?

हो. ॲलेक्समध्ये बऱ्याच कॉलेजेस पाच प्रयत्नांपर्यंत देतात, मध्ये काही दिवसांचं अंतर आणि काही तास त्यांच्याच लर्निंग मोड्यूलवर अभ्यास केल्याची अट असते. हे मोड्यूल फीमध्येच येतं आणि खरोखर चांगलं आहे, तुमचं कच्चं काय ते त्याला टेस्टवरून कळलेलं असतं आणि तेवढंच ते घोटून घेतं. माझं सरळ मत आहे, पहिला प्रयत्न तयारी न करता पण प्रामाणिकपणे द्या, मग महिनाभर रोज तासभर मोड्यूल करा, मग दुसरा. स्कोरची मुदत असते, त्यामुळे गॅप इयर घेणाऱ्यांनी आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

भारतात शिकलेल्या मुलांचे मार्क नेमके कुठे जातात?

बऱ्याचदा येत असूनही जातात, लिहायची पद्धत वेगळी म्हणून. एक उदाहरण देते. आपल्या बारावीच्या पुस्तकांत कॅल्क्युलसमध्ये नुसता 'लॉग एक्स' लिहिला की तो बेस ई चा धरतात. इथे नुसता लॉग म्हणजे बेस १० चा, आणि बेस ई चा असेल तर 'एलएन' असं वेगळं बटण. पोरगं गणित बरोबर सोडवतं, उत्तर लॉग म्हणून टाईप करतं आणि मशीन चूक देतं. मशीनला काय माहीत तुम्ही कुठून आलात.

तसंच इंटरव्हल नोटेशन. वर्गमुळात एक्स वजा ३ आणि खाली छेदात एक्स वजा ५, याचा डोमेन काय? आपली मुलं लिहितात 'एक्स मोठा किंवा बरोबर ३, आणि एक्स बरोबर ५ नाही'. बरोबरच आहे, पण तिथे पाहिजे असतं ३ ते ५ आणि ५ ते इन्फिनिटी असे दोन तुकडे, ३ ला चौकोनी कंस, ५ ला दोन्हीकडून गोल कंस, इन्फिनिटीला गोल, मध्ये युनियनची खूण. हे कंस कोणते कुठे हे एका दुपारी शिकून होतं, पण ती दुपार टेस्टच्या आधीची पाहिजे.

बाकी किरकोळ: रेषेचं समीकरण इथे एमएक्स प्लस बी असतं, सी नाही. कोसेक लिहायचं तर सीएससी. एचसीएफला जीसीएफ म्हणतात, सर्डला रॅडिकल. आणि शब्दांतल्या उदाहरणांत फूट, गॅलन, माईल, ज्याची डोक्यात सवय नसते. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर एवढं लक्षात ठेवा, बाकी चालून जातं.

घरून द्यायची आहे, मग मोठ्या बहिणीला शेजारी बसवलं तर?

कॅमेरा लावून देखरेख असेल तर पकडले जाल. नसेल तर त्याहून वाईट, कारण मग खरंच कॅल्क वनला बसाल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चेन रूल येतो, पोरगं डेरिव्हेटिव्ह बरोबर काढतं आणि पुढचं सिम्प्लिफिकेशन येत नाही म्हणून अडतं. सेंटरमध्ये ऑक्टोबरला अशी रांग लागते. कॅल्क्युलसमध्ये नापास होणारे बहुतेक अल्जिब्रामध्येच नापास होत असतात.

ताई, मी महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्स केलंय, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन सगळं झालंय. तरी कॅल्क वन परत का करू?

अरे, बरोबर विचारतोयस. बहुतेक अमेरिकन कॉलेजेस आपल्या एचएससी किंवा सीबीएसई बारावीला कॉलेज क्रेडिट देत नाहीत, ती त्यांच्या हिशोबाने हायस्कूलच. ब्रिटिश ए-लेव्हलला काही ठिकाणी देतात, त्यामुळे मित्राला मिळालं आणि मला नाही असं होऊ शकतं. पण मॅथ्स डिपार्टमेंटला मेल करून विचार की कॅल्क वनसाठी 'क्रेडिट बाय एक्झाम' आहे का, बऱ्याच ठिकाणी असते, थोडी फी भरून त्यांचीच फायनलसारखी परीक्षा द्यायची. क्लेप नावाची कॉलेज बोर्डाची पण एक असते, कॅल्क्युलसची, ८० पैकी साधारण ५० ला बरीच कॉलेजेस क्रेडिट देतात, पण इंजिनिअरिंगवाले ती घेतातच असं नाही.

आता तुझ्या फायद्याचं. कॅल्क वन तुझं सत्तर-ऐंशी टक्के झालेलं आहे. कॅल्क टू अर्धं झालेलं आहे, पण त्यातला सिक्वेन्स-सिरीजचा भाग, म्हणजे कन्व्हर्जन्स टेस्ट, टेलर सिरीज, हे बारावीत नव्हतं. त्यामुळे वन सोडून टूला उडी मारलीस तरी पहिले सहा आठवडे सोपे वाटतील आणि मग एकदम पाणी डोक्यावरून जाईल. उडी मार, पण हे माहीत असू दे.

मुलीने एपी कॅल्क्युलस केलंय. एबी आणि बीसीत काय फरक, आणि किती क्रेडिट मिळेल?

एबी म्हणजे साधारण कॅल्क वन, बीसी म्हणजे वन आणि टू. परीक्षा मे महिन्यात, स्कोर १ ते ५, रिझल्ट जुलैमध्ये. बीसी दिली की त्यातच एबीचा एक सबस्कोर वेगळा येतो, म्हणजे बीसीला ३ पडले पण एबी सबस्कोर ४ असेल तर काही कॉलेजेस निदान कॅल्क वन तरी देतात. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ओरिएंटेशन बऱ्याचदा जूनमध्येच होतं, तेव्हा स्कोर आलेला नसतो, त्यामुळे ॲडव्हायझर अंदाजाने रजिस्टर करतो आणि जुलैत परत बदलावं लागतं. आणि स्कोर आपोआप जात नाही, कॉलेज बोर्डाकडून कॉलेजला पाठवावा लागतो, दरवर्षी एक फुकट पाठवता येतो पण त्याला जूनची मुदत असते.

कॉलेज जितकं नावाजलेलं तितकं क्रेडिट द्यायला चिक्कू. एमआयटीत बीसीला ५ पडले तरी फक्त पहिला कोर्स, १८.०१, माफ होतो, आणि १८.०२ म्हणजे मल्टीव्हेरिएबल कॅल्क्युलस तिथे प्रत्येकाला करावंच लागतं, साहित्य किंवा संगीत मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) असलं तरी. कॉलेज निवडताना हे बघत जा की, मुलगी कवितेसाठी जाणार आणि गळ्यात ट्रिपल इंटिग्रल.

क्रेडिट मिळालं तर घ्यावं की कोर्स परत करावा?

याच्यावर आईबाबांमध्ये भांडणं होतात. माझा तोडगा असा: बऱ्याच डिपार्टमेंटच्या साईटवर जुन्या फायनलचे पेपर असतात. ज्या कोर्सचं क्रेडिट मिळतंय त्याचा एक पेपर काढायचा, मुलीला दोन तास खोलीत बसवायचं, फोन बाहेर. सत्तरच्या वर गेली तर क्रेडिट घे आणि पुढे जा. चाळीस-पन्नासवर असेल आणि मेजर इंजिनिअरिंग, फिजिक्स किंवा मॅथ्स असेल तर परत कर. मेजर सायकॉलॉजी असेल तर घे क्रेडिट आणि विषय संपव, काय करायचंय परत करून.

हायस्कूलमध्येच ड्युअल एनरोलमेंटने कम्युनिटी कॉलेजचा मॅथ्स कोर्स घेतला तर?

चांगलं आहे, स्वस्तात पडतं. फक्त तो ग्रेड कॉलेजच्या कायमच्या रेकॉर्डवर जातो. सोळाव्या वर्षी पडलेला डी नंतर मास्टर्सच्या ॲप्लिकेशनमध्ये पण दाखवावा लागतो.

प्रीरिक्विझिट आणि कोरिक्विझिट म्हणजे काय?

प्रीरिक्विझिट म्हणजे आधी पूर्ण केलेला पाहिजे, कोरिक्विझिट म्हणजे सोबत घेतला तरी चालतो. सिस्टीम हे स्वतः तपासते, आधीचा कोर्स नसेल तर पुढच्याला रजिस्टरच होऊ देत नाही. आणि नुसतं पास होऊन भागत नाही, बहुतेक ठिकाणी पुढच्या कोर्ससाठी 'सी किंवा वर' लागतो. डी पडला तर डिग्रीच्या क्रेडिटमध्ये कदाचित धरतील पण कॅल्क टूचं दार बंद. सी मायनसचं प्रत्येक ठिकाणी वेगळं, काही घेतात, काही नाही, आणि दरवर्षी कोणीतरी याच्यावर अडकतंच. भारतातून परीक्षा देऊन आलेल्यांना एटीकेटीची सवय असते, राहिलेला विषय मागे ठेवून पुढच्या वर्षाला बसायचं. इथे मॅथ्समध्ये ते चालत नाही, साखळीतला एक राहिला की पुढचं सगळं थांबतं.

कोरिक्विझिट शब्द अजून एका अर्थाने ऐकाल. कॉलेज अल्जिब्रा किंवा स्टॅटिस्टिक्ससोबत जोडून एक-दोन क्रेडिटचा सपोर्ट क्लास, कच्चं असलेल्यांसाठी. लाज वाटून टाळू नका, फायदाच होतो.

मुलाला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय आणि प्लेसमेंट प्रीकॅल्कला आली. एकच पायरी खाली आहे ना, किती फरक पडतो?

हाच खरा प्रश्न आहे आणि हाच सगळ्यात कमी जण विचारतात. कॅटलॉगमध्ये मेकॅनिकलचा जो चार वर्षांचा छापील प्लॅन असतो तो पहिल्या सेमिस्टरला कॅल्क वन धरूनच आखलेला असतो. फिजिक्स वनला कॅल्क वन लागतं, निदान सोबत तरी. स्टॅटिक्सला फिजिक्स वन लागतं. डायनॅमिक्सला स्टॅटिक्स. तिकडे कॅल्क टू, थ्री, डिफरन्शियल इक्वेशन्स झाल्याशिवाय व्हायब्रेशन्स, कंट्रोल्स नाही. आणि हे वरचे कोर्स लहान कॉलेजमध्ये वर्षातून एकदाच असतात, फॉल (ऑगस्टमध्ये सुरू होणारं सेमिस्टर) चुकला तर पुढच्या फॉलपर्यंत बसा. म्हणजे सुरुवातीला हरवलेलं एक सेमिस्टर शेवटी एक अख्खं वर्ष होऊन बसू शकतं, वरच्या वर्षाच्या फीसकट, आणि हे मुलाला ज्युनिअर इयरमध्ये, म्हणजे तिसऱ्या वर्षी, कळतं.

घाबरायचं कारण नाही, उपाय आहेत. ऑगस्टच्या आधी टेस्ट परत द्या, हा सगळ्यात स्वस्त उपाय. नाही जमलं तर फॉलमध्ये प्रीकॅल्क, स्प्रिंगमध्ये कॅल्क वन आणि उन्हाळ्यात कॅल्क टू, जमल्यास घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये. पण हा कोर्स आमच्याकडे चालेल असं आपल्या कॉलेजकडून आधी लेखी घ्या, तोंडी 'येस, शुड बी फाइन' याला काही अर्थ नाही. उन्हाळ्यातलं कॅल्क टू सहा-आठ आठवड्यांत उरकतात, त्यासोबत नोकरी, इंडियाची ट्रिप वगैरे जमणार नाही, तिकीट काढायच्या आधी विचार करा.

पण एक सांगू का, मुलाचं अल्जिब्रा खरंच कच्चं असेल तर प्रीकॅल्क करू दे. एक सेमिस्टर उशीर परवडतो, कॅल्क वनला दोनदा एफ नाही परवडत, दोन्हीत वेळ जातो पण दुसऱ्यात जीपीए आणि पोराचा धीर पण जातो. मग तिसऱ्या प्रयत्नाला डीनची परवानगी वगैरे लागते काही ठिकाणी.

कुठल्या मेजरला किती मॅथ्स लागतं?

मोटामोटी सांगते. इंजिनिअरिंगला कॅल्क वन, टू, थ्री आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, बऱ्याचदा लिनिअर अल्जिब्रा. तिथे सुटका नाही कारण मान्यता देणारी अबेट नावाची संस्था मॅथ्स आणि बेसिक सायन्स मिळून कमीत कमी ३० सेमिस्टर क्रेडिट मागते. कॉम्प्युटर सायन्सला कॅल्क वन-टू, डिस्क्रीट, लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबेबिलिटी, आणि यातलं डिस्क्रीट सगळ्यात जास्त पोरांना रडवतं कारण त्यात पहिल्यांदाच प्रूफ लिहावं लागतं. बायोलॉजीला एखादं कॅल्क आणि स्टॅटिस्टिक्स. नर्सिंग, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजीला मुख्य म्हणजे स्टॅटिस्टिक्स. इकॉनॉमिक्सला कॅल्क, आणि पुढे पीएचडी डोक्यात असेल तर लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल ॲनालिसिस पण, जे ॲडव्हायझर आपणहून सांगत नाही. मॅथ्स मेजर म्हणजे नुसते अवघड हिशोब असं समजून जाणाऱ्यांनी ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्राचं एक लेक्चर आधी ऐकून यावं, तिथे आकडे जवळजवळ नसतातच.

इतिहास, इंग्रजी, आर्ट वगैरेंना जनरल एज्युकेशनचा एक कोर्स, साधारण तीन क्रेडिटचा, डिग्रीच्या एकूण १२० पैकी. त्यासाठी कॉलेज अल्जिब्राच घ्यायचं असं डोक्यात असतं लोकांच्या. कॉलेज अल्जिब्रा हा कॅल्क्युलसकडे जाणारा रस्ता आहे, तिकडे जायचंच नसेल तर क्वांटिटेटिव्ह रीझनिंग किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या. कर्जाचे हप्ते, टक्केवारी, पेपरातले आलेख, हे जास्त कामाला येतं.

बिझनेस कॅल्क्युलस सोपं असतं म्हणतात, ते घेऊन ठेवलं तर?

मेजर बिझनेस असेल तर खुशाल. त्यात ट्रिग नसतं. पण नंतर कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगला वळायचं मनात असेल तर तो कोर्स तिथे धरत नाहीत, कॅल्क वन परत पहिल्यापासून. मेजर अजून ठरलं नसेल आणि झेपणार असेल तर खरं कॅल्क वनच घ्या, ते बिझनेसला पण बहुतेक ठिकाणी चालतं, उलट्या बाजूने चालत नाही.

कॅलिफोर्नियात म्हणे प्लेसमेंट टेस्टच बंद झाली?

बरोबर ऐकलंय. आधी तिथे हजारो मुलं कम्युनिटी कॉलेजमध्ये क्रेडिट न मिळणाऱ्या रेमेडियल वर्गांच्या माळेत अडकायची, एक संपला की दुसरा, आणि बरीच त्यातूनच सोडून जायची. म्हणून २०१७ मध्ये एबी ७०५ नावाचा कायदा झाला, २०१९ च्या फॉलपासून कम्युनिटी कॉलेजेसना तो पूर्ण लागू झाला. आता हायस्कूलचा जीपीए आणि तिथले कोर्स बघतात आणि थेट युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर होणाऱ्या कोर्सला बसवतात, लागला तर सपोर्ट क्लास देऊन. कॅल स्टेटने (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) पण २०१८ च्या फॉलपासून आपली प्लेसमेंट परीक्षा आणि बिनक्रेडिटचे रेमेडियल कोर्स बंद केले. मग २०२२ मध्ये एबी १७०५ आला, तो अजून पुढे जातो, सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांना शक्यतो थेट कॅल्क्युलसलाच घाला म्हणतो, आणि त्याच्यावर तिथल्या मॅथ्सच्या प्रोफेसरांमध्ये जोरात वाद आहेत. मला विचाराल तर रेमेडियलची माळ तोडली ते उत्तम झालं, पण अल्जिब्रा कच्चं आहे हे स्वतःला माहीत असेल तर कायदा तुम्हाला थांबवत नाही म्हणून उड्या मारू नका.

कम्युनिटी कॉलेजमधून युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर व्हायचंय, मॅथ्सचं काय सांभाळायचं?

कॅलिफोर्नियात असाल तर असिस्ट डॉट ऑर्ग उघडा, कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीच्या कशाबरोबर धरतात ते तिथे कोर्सवार दिसतं, आईच्या मैत्रिणीच्या मुलाला विचारायची गरज नाही. बाकी राज्यांत त्या-त्या युनिव्हर्सिटीच्या साईटवर ट्रान्सफरचा तक्ता असतो.

आणि कॅल्कची मालिका अर्धवट सोडून जाऊ नका. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बर्कली आणि मर्सेड सोडून बाकी अंडरग्रॅज्युएट कॅम्पसवर क्वार्टर सिस्टीम आहे, तुमचं कम्युनिटी कॉलेज बहुधा सेमिस्टरवालं. दोन सेमिस्टरचं मटेरियल तिथे तीन क्वार्टरमध्ये कापलेलं असतं, त्यामुळे मध्येच गेलात तर एखादा धडा दोनदा होतो आणि एखादा कधीच होत नाही. वन, टू, थ्री एकाच ठिकाणी संपवा आणि मग हला.

मी एफ-वन (स्टुडंट) व्हिसावर आहे, कॅल्क टू झेपत नाहीये, ड्रॉप करू का?

थांब, आधी काही क्लिक करू नकोस. सुरुवातीचा ॲड-ड्रॉपचा आठवडा असेल तर कोर्स काढून खालचा घेता येतो, काही प्रश्न नाही. त्यानंतर सोडलास तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू लागतो, जीपीएला धक्का नाही, एखाद्या डब्ल्यूने आयुष्य बिघडत नाही. पण बॅचलर्सला एफ-वनवर दर सेमिस्टरला कमीत कमी १२ क्रेडिट पाहिजेत. चार क्रेडिटचा कॅल्क सोडून तू १० वर आलास तर स्टेटसचा प्रश्न होतो, आणि तो 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटत नाही.

ड्रॉप करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये डीएसओकडे, म्हणजे स्टुडंट व्हिसाचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याकडे जा. नियमांतच अशी सोय आहे की चुकीच्या लेव्हलच्या कोर्सला बसवलं गेलं किंवा इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नव्हती म्हणून सुरुवातीला अडचण आली, तर कमी क्रेडिटची परवानगी देता येते. निदान सहा क्रेडिट ठेवावी लागतात, त्या डिग्रीत असं एकदाच मिळतं आणि पुढच्या टर्मला परत पूर्ण लोड. मंजुरी आधी, ड्रॉप नंतर, हा क्रम उलटा झाला की निस्तरणं फार कठीण. आणि ऑनलाईन कोर्सने भर घालायचा विचार असेल तर १२ च्या हिशोबात टर्मला एकच ऑनलाईन कोर्स, तीन क्रेडिटपर्यंत, धरतात.

मी एच-फोरवर आहे, बारा-पंधरा वर्षांपूर्वी बीकॉम झालंय. आता नर्सिंग करायचं मनात आहे पण मॅथ्सची धास्ती वाटते.

आधी एक बरी बातमी, नर्सिंगला कॅल्क्युलस बहुधा लागत नाही, स्टॅटिस्टिक्स लागतं, आणि औषधांच्या डोसचे हिशोब, जे त्रैराशिकच आहेत. एच-फोरवर शिकता येतं, पार्टटाईम पण. भारतातल्या डिग्रीचं कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घ्या, नुसतं 'बॅचलर्सच्या बरोबरीचं' असं एका ओळीचं नको. मुंबई युनिव्हर्सिटीच्या एफवायबीकॉमला मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्सचा पेपर होता, पुण्याला बिझनेस मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स, त्याचा जुना सिलॅबस मिळाला तर सोबत जोडा, एखादं क्रेडिट सुटू शकतं. अर्थात काही नर्सिंग प्रोग्राम फार जुने कोर्स धरत नाहीत, तेव्हा तिथे आधी विचारा.

टेस्ट द्यायच्या आधी खान अकॅडमीवर अपूर्णांकापासून सुरू करा, फुकट आहे. ओपनस्टॅक्सची पुस्तकं पण फुकट आहेत. आणि वर्गात आपण सगळ्यात मोठ्या असू ही भीती सोडा, कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात तुमच्या वयाचे निम्मे असतात आणि शंका पण तेच विचारतात.

भारतातून इंजिनिअरिंग करून एमएसला यायचंय. युनिव्हर्सिटी लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबेबिलिटी मागतेय, आमच्या मार्कशीटवर तर नुसतं इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स थ्री लिहिलंय.

इथल्या कमिटीला एम-थ्री म्हणजे काय हे कळत नाही, त्यांच्या डोक्यात एक विषय म्हणजे एक कोर्स. आपल्याकडे एकाच पेपरात पाच युनिट पाच विषयांची. उदाहरणार्थ पुण्याच्या एम-वनमध्ये मॅट्रिक्स आणि पार्शियल डेरिव्हेटिव्ह, एम-टूमध्ये डिफरन्शियल इक्वेशन आणि मल्टिपल इंटिग्रल, एम-थ्रीमध्ये ट्रान्सफॉर्म्स, व्हेक्टर कॅल्क्युलस, थोडं स्टॅटिस्टिक्स. तेव्हा स्वतःच एका पानाचा तक्ता करायचा, डावीकडे त्यांनी मागितलेला विषय, उजवीकडे आपला पेपर, युनिट, सेमिस्टर आणि मार्क, आणि मागे युनिव्हर्सिटीचा अधिकृत सिलॅबस जोडायचा. हे केलेले फार थोडे असतात. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांच्या डिग्रीच्या ट्रान्सक्रिप्टवर एम-वन, एम-टू नसतातच, त्यांनी डिप्लोमाच्या मार्कशीट न विसरता लावा.

बीसीए किंवा तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्यांना काही ठिकाणी ब्रिज कोर्स करायला सांगतात, काही युनिव्हर्सिट्या तीन वर्षांची डिग्रीच धरत नाहीत, ॲप्लिकेशन फी भरायच्या आधी मेल करून विचारा.

ग्रेड कसा ठरतो? फायनलला जोर लावला तर चालतं का?

नाही चालत. दर आठवड्याचा ऑनलाईन होमवर्क, क्विझ, दोन-तीन मिडटर्म आणि मग फायनल, सगळ्याचं वजन पहिल्या दिवशी मिळणाऱ्या सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं. होमवर्कला १५-२० टक्के असतात आणि आपली हुशार मुलं नेमके तेच सोडतात, मग मिडटर्मला नव्वद पडूनही बी येतो आणि प्रोफेसरला शिव्या. उत्तरं साईटवरून उतरवली तर तो सरळ शिस्तभंग. ऑफिस अवर्सला जा, प्रोफेसर तिथे एकटेच बसलेले असतात.

फी आम्ही भरतो, मग मुलाचे मॅथ्सचे मार्क कॉलेज आम्हाला का सांगत नाही?

फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की रेकॉर्डवर हक्क त्याचा, तुमचा नाही, वय सतराच असलं तरी. फोन करून कितीही रागावलात तरी समोरचा माणूस 'आय कान्ट डिस्कस दॅट' एवढंच म्हणणार, त्याची नोकरी आहे ती. मुलाने स्वतः पोर्टलवर जाऊन परवानगीचा फॉर्म भरला तर सांगतात, तेव्हा तो फॉर्म ऑगस्टमध्येच, सगळं गोडीगुलाबीत असताना भरून घ्या. मिडटर्मनंतर मागितलात तर कोणी भरत नाही.